माझ्याकडे बरोबर दिसतंय

वेळकाकांना कुणी बोटीची वेळ विचारली की ते चष्मा कपाळावर ढकलायचे, विचारणाऱ्याकडे नुसते बघत राहायचे आणि मग म्हणायचे, "साइटवर आहे." विचारणारा धक्क्यावरच उभा असो, त्याच्या हातात दोन पिशव्या आणि कडेवर पोर असो, मागे बोटीचा भोंगा वाजत असो, उत्तर तेच. अख्खा किनारा ज्याला वेळकाका म्हणायचा, तो माणूस वेळ सांगायचा नाही.

असं नेहमीच नव्हतं. बोट कचेरीत लागले तेव्हापासून पंधरा वर्षं काकांनी धक्क्यावरचा काळा फळा लिहिला. रोज संध्याकाळी उद्याच्या वेळा, टपोऱ्या अक्षरात. पण दवाने फळा पुसला जायचा, नाहीतर कुणीतरी टवाळ सहाचा आठ करून ठेवायचा, आणि मग लोक काकांना गाठायचे. काका जेवत असले तरी, आंघोळीला बसले असले तरी. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला टेबलावर आडवे होते तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दहापासून उलटे आकडे म्हणा. आणि हो, उद्याची पहिली बोट कितीला?" काकांनी वेळ सांगितली आणि मगच बेशुद्ध झाले.

म्हणून कचेरीने साइट काढायची ठरवली तेव्हा काकांनी स्वतःहून हात वर केला. वय अठ्ठेचाळीस. सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यातले दोन दिवस शिकवणाऱ्याचा प्रोजेक्टर चालू होण्यात गेले. बाकी सगळं काका एकटेच शिकले, चुकत, चडफडत. त्याला आता आठ वर्षं झाली होती. साइट साधी होती: वर कचेरीचं नाव, खाली सोमवार ते रविवारचा तक्ता. तारखा नव्हत्या, कारण दर आठवड्याला त्या बदलायचा काकांना कंटाळा. पण तक्ता बरोबर असायचा, आणि कुणी चुकलंय म्हटलं तर काका आपल्या कॉम्प्युटरवर साइट उघडून बघायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे बरोबर दिसतंय." तिथे विषय संपायचा.

तक्त्यात पाठ करण्यासारखं फार नव्हतं. पहिल्या बोटीच्या वेळा दोनच. खाडीच्या मधोमध गाळ साचतो आणि तो काढणारी अवजड बोट काही दिवस सरळ वाटेवर ठाण मांडून बसते. ती नसेल तेव्हा प्रवासी बोट सरळ जाते आणि सात वीसला सुटते. ती असेल तेव्हा मोठा वळसा घालावा लागतो, म्हणून साडेसहाला सुटते. पलीकडे पोचायची वेळ दोन्हीला सव्वाआठ. कुठल्या दिवशी वळसा हे गाळवाले दर आठवड्याला आपल्या मर्जीने ठरवायचे. तेवढ्यासाठी साइट.

ज्या आठवड्यात गोंधळ झाला, त्याच्या आधीच्या गुरुवारी साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे कचेरीचे प्रमुख. ते पलीकडच्या किनाऱ्यावर राहायचे आणि काका ज्यांना तोंडी वेळ सांगायचे असे जगात एकटे तेच.

"साइट फार हळू उघडते म्हणे," साहेब म्हणाले. "वरून पत्र आलंय."

"साइट हळू नाही साहेब, आपली लाइन हळू आहे. सकाळी पाचशे लोक एकदम तक्ता मागतात."

"मग त्यांना रोज कशाला मागू देता?"

साहेबांना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हा प्रश्न मात्र नेमका होता. काका जागेवर येऊन त्यावरच विचार करत बसले.

आता हे थोडं समजून घ्यायला हवं. फोनमधला ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण साइट बघतो तो, स्वभावाने कामचुकार असतो, पण शहाणा कामचुकार. एकदा आणलेली वस्तू तो आपल्याकडच्या कपाटात ठेवून देतो. धंद्यातले लोक त्या कपाटाला कॅशे म्हणतात. पुन्हा तीच वस्तू मागितली की तो आधी कपाट उघडतो. तिथे सापडली तर उन्हातान्हात कशाला जा? पण त्याने कपाटावर किती भरवसा ठेवायचा, हे तो मनाने ठरवत नाही. वस्तू पाठवणारा तिच्यासोबत एक चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीत लिहिलेलं असतं: "हे ठेवूच नकोस." किंवा "ठेव, पण वापरण्याआधी मला येऊन विचार, तेच चालेल का म्हणून." किंवा "हे इतके दिवस चालेल, तोवर माझं डोकं खाऊ नकोस." ब्राउझर चिठ्ठीचा शब्द खाली पडू देत नाही.

काकांच्या घरातही असे दोन पक्ष होते. डब्यावर तारीख छापलेली असली की काकांचा विश्वास बसायचा. काकू मात्र तारखेला जुमानायच्या नाहीत. झाकण उघडून आधी नाक आत घालायच्या. "छापणाऱ्याने वास घेतला होता का?" असं त्या विचारायच्या. काका म्हणायचे, "अगं, लिहिलंय त्याच्यावर."

तर काकांनी तक्त्याला चिठ्ठी लावली: तीस दिवस चालेल. तक्ता दर शनिवारी बदलतो, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं, आणि तरी त्यांनी तीस लिहिलं. का? तर शिकताना वहीत उतरवून घेतलेल्या नमुन्यात तीस होतं म्हणून. वरचं पान, म्हणजे ज्यात हा तक्ता येऊन बसतो ते, मात्र त्यांनी जुन्याच पद्धतीवर सोडलं, दर वेळी विचारून घेण्याच्या. त्याचा विचार केला म्हणून नव्हे, विसरले म्हणून.

साइट पळायला लागली. शुक्रवारी काकांनी साहेबांना आपल्या फोनवर दाखवलं. बोट टेकायच्या आत तक्ता हजर. साहेब म्हणाले, "वा!" हा शब्द साहेबांच्या तोंडून काकांनी तेवीस वर्षांत दुसऱ्यांदा ऐकला. पहिला साहेबांनी नव्या खुर्चीला उद्देशून काढला होता.

शनिवारी संध्याकाळी काकांनी पुढच्या आठवड्याचा तक्ता चढवला. सोमवार, मंगळवार, गुरुवार वळसा, साडेसहा. बुधवार सरळ, सात वीस. आधीच्या आठवड्यात नेमकं उलटं होतं. कॉम्प्युटरवर बघितलं, नवा तक्ता झळकत होता. कुलूप लावून काका घरी गेले.

सोमवारी संध्याकाळी सून घरी आली ती चप्पल दारात भिरकावूनच. ती पलीकडच्या किनाऱ्यावर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. तीन महिने कच्ची नोकरी, पटली तर पक्की. त्या तीन महिन्यांतला हा शेवटचा आठवडा होता. मुलगा दुसऱ्या शहरात कामाला, रविवारपुरता यायचा. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून.

"बोट चुकली," ती म्हणाली. "सात वीसची बोट म्हणून सातला गेले, तर धक्का रिकामा. साडेआठच्या बोटीने गेले. मॅडमच्या समोरच आत शिरले."

"सात वीसची?" काका वर्तमानपत्रातून बाहेर आले. "आज साडेसहाची होती."

"साइटवर सात वीस होतं, बाबा."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. साइटवर काय आहे हे त्यांना, प्रत्यक्ष त्यांना, सांगितलं जात होतं. "साइटवर साडेसहा आहे, सूनबाई."

"मी रिफ्रेशसुद्धा केलं. दोनदा."

हे ऐकून तर काकांची खात्रीच पटली. रिफ्रेश केल्यावर पान नवं येतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे पोरगी थापा मारतेय. सूनबाई असल्यामुळे तिचा फोन हातात घेऊन बघणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी बायकोकडे बघितलं. काकूंनी जन्मात साइट उघडली नव्हती. नवराच कचेरीत असताना साइट कोण बघतो? त्यांनी आपल्या फोनवर ती पहिल्यांदा उघडली आणि चष्मा सारखा करून वाचलं, "सोमवार, साडेसहा."

"बघा," काका म्हणाले.

सून वळली, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात लावायला लागली.

मंगळवारी तीच कथा. तिने फोन बघितला, सात वीस. पान खाली ओढून ओढून पुन्हा बघितलं, सात वीस. सोमवारी तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, बोट लवकर सोडली असणार असं धरून ती साडेसहालाच घरातून निघाली आणि पावणेसातला धक्क्यावर पोचली. बोट धक्का सोडून लांब गेली होती. धक्क्यावर तिच्यासारखे आणखी तीस-चाळीस जण होते आणि सगळे मिळून तांडेलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. गंमत अशी की ज्यांनी कधी साइट बघितली नव्हती, जे उंडारत कधीही येतात आणि मिळेल ती बोट धरतात, ते आरामात बोटीत बसून गेले होते. काकांच्या साइटवर ज्यांची श्रद्धा, तेवढेच काठावर.

दुपारी कचेरीतला फोन वाजला. तिकीट खिडकीवरच्या बाई जेवायला गेल्या होत्या, म्हणून काकांनी उचलला.

"पलीकडून बोलतेय," एक भारदस्त बायकी आवाज म्हणाला. "एक खात्री करून घ्यायची होती. काल आणि आज, पहिली बोट तुमच्या साइटवर कितीची होती?"

काकांच्या जिभेवर "साइटवर आहे" आलं होतं, पण बाई साइटबद्दलच विचारत होत्या. "साडेसहा. दोन्ही दिवस."

"कुणाला सात वीस दिसली, असं होऊ शकतं?"

"बाई, साइट मी बनवलीय. आत्ता समोर उघडी आहे. माझ्याकडे बरोबर दिसतंय."

"आमच्याकडची एक मुलगी म्हणते की—"

'म्हणजे आमच्याच घरात नाही, ही साथच आलीय,' काकांच्या मनात आलं. मोठ्याने ते म्हणाले, "लोक झोपतात हो उशिरापर्यंत आणि साइटच्या नावाने बिल फाडतात. तेवीस वर्षं बघतोय मी."

"म्हणजे ती खोटं बोलतेय."

"तसं मी म्हणणार नाही," काका उदारपणे म्हणाले. "पण साइट खोटं बोलत नाही, एवढं लिहून देतो."

बुधवारी सुनेच्या फोनवर साडेसहा होतं. ती सहालाच जाऊन बसली. बोट आली सात वीसला. एक तास वीस मिनिटं ती वाऱ्यात एका ओल्या बाकावर बसून होती, सोबतीला एक बगळा. वेळेवर पोचली, पण नाक गळत होतं.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "उद्या माझं बहुतेक शेवटचं."

काकूंच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. "दोनदा उशीर झाला म्हणून?"

"उशिराचं मॅडमना काही नाही, आई. त्या म्हणाल्या, उशीर सगळ्यांनाच होतो. पण मी त्यांना सांगितलं की साइटवर सात वीस होतं. त्यांनी बोट कचेरीत फोन करून विचारलं, तर साइटवर साडेसहाच होतं म्हणे. आमच्याकडे दिवसभर कामच ते, नळीत बघायचं आणि जे दिसतं ते लिहायचं. त्या म्हणाल्या, जी मुलगी बोटीची वेळ खोटी सांगते, तिने पाण्याचा आकडा लिहिला तर त्यावर सही कशी करू? उद्या साडेआठला ठरवणार आहेत."

"कचेरीत कुणी सांगितलं असं?"

"नाव नाही विचारलं. पण तो माणूस म्हणाला, लोक झोपतात उशिरापर्यंत आणि साइटच्या नावाने बिल फाडतात. तेवीस वर्षं बघतोय म्हणाला."

काकांनी पाण्याचा पेला उचलला होता. तो तोंडापर्यंत पोचला नाही.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत तेवीस वर्षांचं दुसरं कोण आहे?"

"तिकीट खिडकीवर..."

"ती बाई आहे."

सुनेने मान वर केली. तिने सरळ सासऱ्यांकडे बघितलं. 

"मला काय माहीत त्या तुझ्या मॅडम होत्या ते," काका अखेर म्हणाले. "आणि माहीत असतं तरी मी काय वेगळं सांगणार? साइटवर साडेसहाच आहे. मी खोटं बोलू?"

"म्हणजे मी बोलतेय."

"आता पुरे," काकू उठल्या. त्यांनी आपला फोन आणला, सुनेचा मागून घेतला आणि दोन्ही ताटांच्या मध्ये शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर साइट उघडली. "उद्याचा गुरुवार. माझ्याकडे साडेसहा. हिच्याकडे सात वीस. वाचा."

काकांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकच साइट, एकच तक्ता, आणि दोन वेळा.

"हिचा फोन बिघडलाय," ते म्हणाले.

"तुमच्याच मुलाने घेऊन दिलाय, बाबा. चार महिने झालेत."

"मग तुम्ही तुमचा काढा," काकू म्हणाल्या. "तुम्हीच पंच."

काकांनी मोठ्या आत्मविश्वासाने खिशातून आपला फोन काढला. शुक्रवारी साहेबांना दाखवल्यानंतर त्यावर साइट उघडायची वेळच आली नव्हती. कचेरीत कॉम्प्युटर होता ना. त्यांनी साइट उघडली. तक्ता झटकन आला, साहेबांनी "वा" म्हणावं इतका झटकन.

गुरुवार, सात वीस.

काकू वाकून बघत होत्या. "तुमच्याकडे काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

काकांनी फोन ताटाशेजारी ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर तीस हा आकडा उभा राहिला होता, आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली एक खूण. साइट बनवणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्ये एक आतली खिडकी असते, दुरुस्तीची. तिच्यात एक चौकोन असतो: त्यात बरोबरची खूण केली की, खिडकी उघडी असेपर्यंत, ब्राउझर कपाटाकडे ढुंकून बघत नाही, प्रत्येक वस्तू दारातून नवी कोरी आणतो. काम करणाऱ्याला आपला बदल लगेच दिसावा म्हणून ही सोय. काकांनी आठ वर्षांपूर्वी शिकताना ती खूण केली होती आणि ती खिडकी कधी बंदच केली नव्हती. आठ वर्षं जगात एकट्या त्यांना प्रत्येक वेळी ताजा माल मिळत होता, आणि त्या जोरावर गेले तीन दिवस ते जगाला शिळं खाऊनही ताजं म्हणायला लावत होते.

"रिफ्रेश केलं तरी?" सुनेने विचारलं. आता तिच्या आवाजात राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. शेवटी प्रयोगशाळेतली मुलगी.

"तू ओढलंस की पान नवं येतं," काका पडेल आवाजात म्हणाले. "पण तक्ता ते पान मागाहून वेगळा मागवतं. आणि तो मागवला की ब्राउझर कपाट उघडतो. तिथे चिठ्ठी आहे, तीस दिवस. गेल्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत ज्याने ज्याने साइट बघितली, त्याच्याकडे जुना तक्ता चिकटला. आई आपली सोमवारी पहिल्यांदा गेली, तिच्या कपाटात काहीच नव्हतं, म्हणून तिला बरोबर मिळाला."

"मग परत मागवा तो जुना," काकू म्हणाल्या.

"असा मागवता येत नाही. फोनने आपल्याकडे विचारायला आलं तर सांगेन ना! तो येतच नाही. येऊ नकोस असं मीच सांगितलंय त्याला."

"लिहिलंय त्याच्यावर," काकू म्हणाल्या. एवढंच, आणखी काही म्हणायची गरज नव्हती.

इलाज एक होता आणि तो काकांना तिथेच, ताटावर बसल्या बसल्या सापडला. वरचं पान प्रत्येक फोन दर वेळी विचारून घेत होता. त्या पानातच तक्ता मागवायची एक ओळ होती. तिथे एक शब्द घातला की ब्राउझर चिठ्ठीकडे दुर्लक्ष करून आधी विचारायला येणार. म्हणजे विसरून जे नीट राहिलं होतं, त्यानेच अब्रू वाचायची होती. पण तो शब्द कचेरीतल्याच कॉम्प्युटरवरून घालता यायचा, कचेरीला सहाला कुलूप लागलं होतं, आणि किल्ली घेऊन साहेब पलीकडे गेले होते. उद्या नऊला उघडणार. आणि उद्या बोट साडेसहाची.

काकांनी घड्याळ बघितलं. सव्वासात. संध्याकाळची शेवटची बोट साडेसातला लागायची. ते अर्धं ताट टाकून उठले, चपला घातल्या आणि चक्क पळत सुटले.

बोटीतून उतरणाऱ्या लोकांना त्या संध्याकाळी वेगळंच दृश्य दिसलं. धक्क्याच्या तोंडाशी वेळकाका उभे होते, धापा टाकत, आणि प्रत्येकाला तोंडाने वेळ सांगत होते. "उद्या साडेसहा. साइट बघू नका. साडेसहा."

"काय काका, बरं नाही का?" एकाने विचारलं.

"साइटवर आहे ना?" दुसरा म्हणाला आणि त्याच्या मागचे दहा जण खो-खो हसले.

"साइट चुकलीय," काका म्हणाले.

हे वाक्य धक्क्याने कधी ऐकलं नव्हतं. लोक थांबले. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेली एक बाई पुढे आली. "मी सोमवारी सांगायला आले होते खिडकीवर. तुम्ही आतून ओरडलात, माझ्याकडे बरोबर दिसतंय म्हणून. माझा दोन टोपल्या माल सडला त्या दिवशी."

"हो," काका म्हणाले. "ओरडलो."

"मग आता?"

"आता काय, उद्या साडेसहा."

शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते सांगत राहिले. कचेरीच्या भिंतीला टेकून जुना फळा पडला होता. त्यांनी तो उभा केला आणि विटकरीच्या तुकड्याने त्यावर टपोऱ्या अक्षरात 'साडेसहा' लिहिलं. आकडा लिहिला नाही. टवाळांचा भरवसा नव्हता.

गुरुवारी सहा वीसला सून धक्क्यावर आली तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या मागे होते. "तुम्ही कशाला, बाबा?" तिने चारदा विचारलं. काकांनी चारदा "येतोय" म्हटलं. बोटीत दोघं एका बाकावर बसली, मध्ये तिची पर्स. वळशाची वाट लांब होती. काका खिडकीतून गाळ काढणाऱ्या बोटीकडे असं बघत होते, जणू सगळा दोष तिचाच.

प्रयोगशाळेतल्या मॅडम उंच होत्या आणि टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग काकांकडे.

"हे माझे सासरे," सून म्हणाली.

"मी बोट कचेरीतला," काका म्हणाले. "मंगळवारी फोनवर... तो मीच."

मॅडमनी आवाज ओळखला. त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. "म्हणजे आपल्या सुनेबद्दल तुम्ही..."

"माझी सून आहे हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर वेगळं सांगितलं असतंत?"

काकांना खरं उत्तर काल रात्रीपासून माहीत होतं आणि ते त्यांना आवडलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "तरी तेच सांगितलं असतं. तिने घरात सांगितलं, तेव्हाही माझा विश्वास बसला नव्हता."

मॅडमनी स्वतःच्या फोनवर साइट उघडली. त्यांनी ती कधी बघितली नव्हती, म्हणून अर्थातच तक्ता बरोबर आला: सोमवार साडेसहा. त्यांनी तो काकांपुढे धरला. काकांना वाटलं, आता मेलो. आपण बनवलेली साइट बरोबर दिसतेय याचं इतकं दुःख त्यांना आजवर झालं नव्हतं. त्यांनी सुनेचा फोन मागितला, आपला काढला, आणि तिन्ही टेबलावर मांडून कपाट, चिठ्ठी, तीस दिवस, आतली खिडकी, सगळं सांगितलं. मधेच दोनदा अडखळले. शेवटी म्हणाले, "तिने जे दिसलं तेच सांगितलं. माझ्या कॉम्प्युटरवर तेवढं ते दिसत नव्हतं."

मॅडमनी तिन्ही फोन एका रेषेत लावले. मग म्हणाल्या, "तुमची साइट बरोबर आहे की नाही, हे तुम्ही कशावर तपासत होता?"

"माझ्या कॉम्प्युटरवर."

"ज्याच्यावर बनवली त्याच्यावरच?"

"हो."

"आठ वर्षं?"

"हो."

"आमच्याकडे असं कुणी केलं ना," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे ज्या मापाने ओतलं त्यानेच मोजलं, तर तिसऱ्या दिवशी घरी पाठवते मी." त्यांनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला, त्यावर सही केली आणि तो सुनेकडे सरकवला. "तुमचं वाचन बरोबर होतं. दोन्ही वेळा. जा, नमुने आलेत."

सुनेने कागद वाचला. नोकरी पक्की झाली होती. ती "थँक्यू मॅडम" म्हणाली, पण दारातून बाहेर पडताना बघितलं तिने सासऱ्यांकडे. काका चष्मा शोधत होते. तो कपाळावरच होता.

कचेरीत पोचायला काकांना अकरा वाजले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पहिली शंका त्यांनी ही काढली, "पण साइट पुन्हा हळू होईल का?" काकांनी सांगितलं, फार नाही. फोन नुसतं विचारेल, आहे तेच चालेल का, आणि आपण म्हणायचं, चालेल. तक्ता बदलला असेल तरच तो सबंध पाठवायचा. "मग आधीच असं का नाही केलंत?" साहेब म्हणाले. काकांना यावर साहेबांचाच तो 'रोज कशाला मागू देता?' हा प्रश्न आठवला, पण ते कॉम्प्युटरकडे वळले.

शब्द घालायला दहा सेकंद लागली. त्या शब्दाचं नाव 'नो-कॅशे'. ऐकणाऱ्याला वाटावं, कपाटात ठेवूच नको. त्याचा अर्थ मात्र, ठेव, पण वापरण्याआधी विचार. ही नावं ठेवणाऱ्यांना एकदा धक्क्यावर उभं करून लोकांच्या तोंडी द्यायला हवं, असं काकांच्या मनात आलं. मग त्यांनी तीस दिवसांची चिठ्ठी काढली, तक्त्यावर तारखा घातल्या, आणि कोपऱ्यातली ती आतली खिडकी बंद केली. आठ वर्षं अर्धा पडदा तिनेच खाल्ला होता. साइट एकदम मोठी दिसायला लागली, थोडी परकी.

शनिवारी संध्याकाळी नवा तक्ता चढवून काका घरी आले. सून ओट्यापाशी उभी होती. काका दारात घुटमळले, आत आले, पाणी प्यायले, पुन्हा घुटमळले.

"सूनबाई, सोमवारची पहिली बोट... तुझ्याकडे कितीची दिसतेय?"

तिने ओले हात पदराला पुसले, फोन उचलला, बघितला. मग फोन पुन्हा पालथा ठेवून ती भाजी चिरायला वळली.

"साइटवर आहे, बाबा," ती म्हणाली.

आतल्या खोलीत काकूंना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. काका पाण्याचा पेला घेऊन तिकडे धावले.